छप्पर गळतंय, बादली धरा: जुन्या एलसीडी धाटणीचा ब्राउझर गेम

निन्टेंडोच्या 'गेम अँड वॉच' मालिकेतलं पहिलं यंत्र, 'बॉल', एप्रिल १९८० मध्ये जपानात विक्रीला आलं. गुनपेई योकोई हे त्याचे कर्ते. कॅल्क्युलेटरच्या जातीची स्वस्त चिप, घड्याळाचा क्वार्ट्झ, बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि एक एलसीडी काच, एवढंच सामान. काचेवर पिक्सेल नव्हते. चेंडू जिथे जिथे दिसू शकतो त्या प्रत्येक जागेचं चित्र काचेत आधीच कोरलेलं असायचं आणि चिप ते फक्त चालू किंवा बंद करायची. अशा एका चित्राला सेगमेंट म्हणतात.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी दिसणारा 'ब्रिक गेम' हाही एलसीडीच, पण वेगळ्या कुळातला. त्यात १० आडवे आणि २० उभे असे २०० चौकोन असतात आणि त्यांतून हवा तो आकार जुळवता येतो. इथे बनवायचा आहे तो पहिल्या कुळातला खेळ.

बहुतेक जण इथेच चुकतात. ते कॅनव्हास (ब्राउझरमधला चित्र काढायचा फलक) घेतात, थेंबाचा उभा निर्देशांक दर फ्रेमला थोडा वाढवतात आणि शेवटी वर हिरवट रंग चढवतात. असा खेळ जुना दिसतो, पण हाताला जुना लागत नाही. खऱ्या यंत्रात काहीच सरकत नाही. एक थेंब विझतो, खालचा पेटतो आणि मधली हालचाल खेळणाऱ्याच्या डोळ्यात होते. म्हणून आपल्या खेळात कुठल्याही वस्तूला निर्देशांक द्यायचे नाहीत, फक्त 'चालू' आणि 'बंद'.

खेळ कसा आहे

पावसाळा आहे, कौलं चार ठिकाणी गळतायत. खाली एक माणूस बादली घेऊन उभा आहे. चार गळत्यांखाली चार जागा आणि उजव्या टोकाला पाचवी जागा मोरीची. बादलीत तीन थेंब मावतात. चौथा झेलायला गेलं की सांडतो आणि चूक धरली जाते. मोरीपाशी पोचताच बादली आपोआप रिकामी होते. तीन चुका झाल्या की खेळ संपला.

झेलणं आणि रिकामं करणं ही जोडी नवी नाही. १९८२ च्या 'ऑइल पॅनिक' या दोन पडद्यांच्या यंत्रात गळणारं तेल असंच बादलीत धरायचं होतं आणि तिथेही तीनच थेंब मावायचे. कल्पना घ्यायला हरकत नाही, पण चित्रं, नाव आणि आवाज स्वतःचे काढा. जुन्या काचेचे फोटो गिरवून खेळ जाहीरपणे चढवू नका.

सेगमेंट आधी कागदावर मोजा. चार गळत्या, प्रत्येकीखाली थेंबाच्या पाच जागा, म्हणजे २०. माणसाच्या ५ मुद्रा, त्यांतली शेवटची बादली ओतणारी. बादलीतल्या पाण्याच्या तीन पातळ्या चार जागांवर, म्हणजे १२. जमिनीवरचा शिंतोडा ४. चुकांच्या खुणा ३. सात रेघांचे चार अंक, म्हणजे २८, आणि घड्याळाचा विसर्ग, म्हणजे तास-मिनिटांमधले दोन ठिपके, १. एकूण ७३. गुणांना तीनच अंक लागतात. चौथा फक्त घड्याळासाठी.

काच काढणं

चित्र एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेघा आणि आकारांनी बनणाऱ्या फाइलमध्ये काढा. त्यासाठी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फलक ६०० बाय ४०० एककांचा ठेवा. पाच उभ्या जागांना प्रत्येकी ११० एकक दिले तर दोन्ही कडांना २५ उरतात. माणूस, बादलीसकट, ९६ एककांपेक्षा रुंद नको. सगळ्यात महत्त्वाचा नियम: कुठलेही दोन सेगमेंट एकमेकांवर येता कामा नयेत, दोघांत किमान २ एकक फट हवी. खऱ्या काचेत हे शक्यच नसतं आणि डोळ्याला ते नकळत माहीत असतं. पहिल्या जागेवरच्या माणसाचं कोपर दुसऱ्या जागेवरच्याच्या पोटात शिरलं की भ्रम मोडतो. कोपरं आत घ्या, पाय जवळ आणा. जुन्या खेळांतले लोक इतके आखडलेले का दिसतात, याचं हेच कारण.

पाण्याच्या पातळ्या बादलीच्या आत बसवायच्या असल्याने बादली भरीव काढता येणार नाही. फक्त कडा काढा आणि आत तीन आडव्या पट्ट्या ठेवा.

कौलं, भिंत, मोरी, पावसाच्या रेघा हे सगळं वेगळ्या थरावर, रंगीत. मूळ मालिकेतल्या रंगीत यंत्रांत रंग काचेवर छापलेले असायचे आणि कधीच बदलत नसत. सेगमेंट मात्र एकाच काळपट रंगाचे. काचेला लाल १९८, हिरवा २०६, निळा १८० आणि सेगमेंटला २८, ३२, ३० हे आकडे चांगले दिसतात.

प्रत्येक सेगमेंटला स्वतःची आयडी, म्हणजे स्क्रिप्टला ओळखता येईल असं नाव द्या: 'थेंब-२-४' म्हणजे दुसऱ्या गळतीची चौथी जागा. इंकस्केपमध्ये दोन सापळे आहेत. थराला दिलेलं नाव हे फक्त लेबल असतं, आयडी नव्हे. आयडी वस्तूच्या गुणधर्मांत वेगळी भरावी लागते. दुसरा, इंकस्केप प्रत्येक आकारावर शैली थेट लिहून ठेवतो आणि अशी शैली सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, नियमाला जुमानत नाही. 'चालू' हा क्लास लावूनही सेगमेंट बदलला नाही तर बहुधा हेच झालेलं असतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक सेगमेंट एकटा असला तरी गटात टाका आणि आयडी व क्लास गटालाच द्या.

एसव्हीजी पानात थेट चिकटवा. चित्राच्या टॅगने आणलं तर स्क्रिप्टला आतल्या सेगमेंटपर्यंत पोचता येत नाही.

आयडी आणि चलांची नावं देवनागरीत चालतात, जावास्क्रिप्टला त्याचं वावडं नाही. पण जोडाक्षरांत काही कीबोर्ड न दिसणारं जोडचिन्ह घालतात. मग एकसारखी दिसणारी दोन नावं वेगळी ठरतात आणि चूक शोधता शोधता संध्याकाळ होते. 'थेंब', 'बादली', 'चूक' अशी साधी नावं ठेवा. 'शिंतोड्या' वगैरे टाळा.

बंद सेगमेंट पूर्ण अदृश्य करू नका. अपारदर्शकता ०.०५ ठेवा. तिरप्या उजेडात जुन्या काचेवर सगळी चित्रं पुसट दिसायची, तसं. चालू सेगमेंटना हलकी सावली द्या: उजवीकडे २, खाली ३ एकक, अपारदर्शकता ०.१५. काच आणि मागचा परावर्तक यांत थोडं अंतर असल्याने ती सावली पडायची. सावली ७३ वेळा वेगवेगळी लावू नका, साध्या फोनची दमछाक होते. सगळ्या सेगमेंटच्या बाहेरच्या गटाला एकदाच लावा. पेटायला ६० आणि विझायला १२० मिलिसेकंद लागू द्या. जुना थेंब पुरता विझण्याआधी नवा उजळतो आणि काच आळशी वाटते. संक्रमण फक्त अपारदर्शकतेला लावायचं, जागेला कधीच नाही.

ठोका

खेळाचा जीव इथे आहे, म्हणून घाई नको.

यंत्राच्या क्वार्ट्झचा वेग सेकंदाला ३२,७६८ कंपनं, म्हणजे २ चा १५ वा घात. त्याला पुन्हा पुन्हा निम्मं करत चिप आपले ठोके मिळवायची. आपणही एकच ठोका ठेवू आणि एका ठोक्याला एकाच गळतीची पाळी देऊ: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, परत पहिली. सुरुवातीला ठोका २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे प्रत्येक गळतीची पाळी सेकंदाला एकदा येते. चारही गळत्या एकदम हलवल्या तर खेळ कवायतीसारखा वाटतो आणि दोन थेंब एकाच क्षणी जमिनीवर येऊ शकतात, जे कोणालाच झेलता येणार नाहीत.

पाळी आली की तीन कामं, याच क्रमाने. आधी पाचव्या जागी थेंब असेल तर निवाडा: बादली त्याच गळतीखाली आहे आणि भरलेली नाही, तर झेलला, नाहीतर चूक. मग उरलेले थेंब एकेक जागा खाली: चौथीवरचा पाचवीवर, तिसरीवरचा चौथीवर, असं खालून वर. शेवटी पहिल्या जागी नवा थेंब येणार का ते ठरवा. सरकवताना वरून खाली गेलात तर पहिला थेंब दुसरीत जातो, लगेच तोच तिसरीत, आणि एका ठोक्यात थेट तळाला पोचतो. 'थेंब दिसतच नाहीत' अशी तक्रार आली की आधी हा क्रम तपासा.

निवाडा फक्त पाळीच्या क्षणी होतो. थेंब पाचव्या जागी लटकत असताना बादली नुसती खालून गेली तर तो पडत नाही, थांबून वाट पाहावी लागते. नवख्याला हे खटकतं, पण थांबावं की तेवढ्यात दुसरा थेंब गाठून यावं ही ओढाताण यातूनच येते. सोपं करायच्या मोहात स्पर्श होताच झेलला असं धरू नका.

नवा थेंब केव्हा सोडायचा? नुसती यदृच्छा ठेवली तर कधीतरी अशक्य जोडी येते. पहिल्या गळतीचा थेंब पडला आणि पुढच्याच ठोक्याला चौथीचा, तर तिथे कोणीही पोचणार नाही. इथे एक गोष्ट कामाला येते. प्रत्येक थेंब दिसल्यापासून निवाड्यापर्यंत बरोबर २० ठोके घेतो, म्हणून दोन थेंब जितक्या ठोक्यांच्या अंतराने सुटतात तितक्याच अंतराने पडतात. न्याय सोडतानाच करता येतो, पुढचा अंदाज बांधायची गरज उरत नाही. नियम असा: मागच्या थेंबानंतर किमान 'दोन गळत्यांमधलं अंतर अधिक १' इतके ठोके गेले पाहिजेत. पहिलीनंतर चौथीचा थेंब सोडायचा तर ४ ठोके. पण चौथीची पाळी ३ ठोक्यांनी येते, म्हणून ती संधी हुकते आणि पुढची ७ व्या ठोक्याला मिळते. अट पुरी झाली तरी दर वेळी थेंब सोडू नका, तीनांतून एकदा सोडा. हमखास सोडलेत तर ठरावीक नक्षी तयार होते आणि ती लोक पाठ करतात.

मोरीची फेरीही मोजा. पहिल्या गळतीपासून मोरीपर्यंत चार पावलं आणि परत चार. म्हणून दर तीन थेंबांनंतर १० ठोक्यांची उसंत. सर्वांत वेगवान ठोका ११० मिलिसेकंद धरला तर ८ वेळा दाबायला १,१०० मिलिसेकंद मिळतात, म्हणजे एका दाबाला साधारण १३७. धावपळ होते, पण जमतं.

चूक झाली की ठोका दीड सेकंद थांबवा, त्या गळतीचा शिंतोडा २५० मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा लुकलुकवा आणि हवेतले सगळे थेंब पुसून टाका. तीन थेंबांची मोजणीही शून्यावर आणा. थेंब तसेच ठेवलेत तर भरल्या बादलीने सांडणाऱ्याला मोरीपर्यंत जायला सवडच मिळत नाही, पुढचाही सांडतो आणि एका चुकीची शिक्षा दोनदा होते. पुसले की नवा थेंब पडेपर्यंत २० ठोके मोकळे मिळतात.

घड्याळ कसं चालवायचं

ठोक्यासाठी सेट-इंटरव्हल, म्हणजे ठरावीक वेळाने काम करवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन, वापरू नका. टॅब मागे गेला की ब्राउझर त्याला सेकंदाला एकदापर्यंत मंद करतो आणि वेग बदलायचा तर दर वेळी बंद करून नव्याने लावावा लागतो. पडद्याच्या दर फ्रेमला बोलावलं जाणारं रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम घ्या. दर फ्रेमला मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ साठ्यात टाका. साठा ठोक्याइतका झाला की एक ठोका वाजवा आणि तेवढा वेळ वजा करा. शून्य करू नका, उरलेला तुकडा जपा, नाहीतर लय लंगडते. एका फ्रेमला २५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ साठ्यात घेऊ नका. ही मर्यादा नसेल तर फोन उचलून परत आलेल्या माणसाला शेकडो ठोके एकदम बसतात आणि तिन्ही चुका तिथल्या तिथे होतात. शिवाय टॅब लपला की खेळ थांबवाच.

वेग गुणांवरून काढा, चालता चालता कमी करत बसू नका: २५० मधून दर १० गुणांना ६ वजा, दर १०० गुणांना ३० परत, आणि ११० च्या खाली कधी नाही. ९० गुणांना ठोका १९६ वर येतो, १०० ला २२० वर सैलावतो, २०० ला १९०. शंभरी गाठल्यावर मिळणारा हा श्वास खेळणाऱ्याला जाणवतो. दुसऱ्या, कठीण प्रकारासाठी २५० ऐवजी १९० पासून सुरू करा. मूळ यंत्रांवर 'गेम ए' आणि 'गेम बी' अशी दोन बटणं असायची, तशीच ठेवा.

झेललेल्या थेंबाला १ गुण, पूर्ण भरलेली बादली ओतली तर २ वरचे. अर्धवट ओतणाऱ्याला काही नाही, म्हणजे लोभ शिल्लक राहतो. अनेक जुन्या यंत्रांत २०० आणि ५०० गुणांना चुका माफ व्हायच्या, ती चाल घ्या. पण 'गुण बरोबर २०० आहेत का' असं विचारू नका. बादली ओतताना १९९ वरून थेट २०१ होतात आणि माफी निसटते. आधी २०० च्या खाली होते आणि आता २०० किंवा वर आहेत का, हे पाहा. ९९९ नंतर शून्य.

नियम आणि काच यांची भेट एकाच ठिकाणी होऊ द्या. नियम फक्त आकड्यांचा तक्ता बदलतात: चार गळत्यांचे वीस खाने, बादलीची जागा, पाणी, चुका, गुण. 'दाखवा' हे एकच फंक्शन तक्ता वाचून कोणते सेगमेंट चालू हवेत त्यांची यादी करतं, मागच्या यादीशी ताडतं आणि फरक तेवढा काचेवर नेतं. नियमांतूनच क्लास लावायला-काढायला लागलात तर विझायचा राहिलेला भुताटकी थेंब हमखास दिसतो.

बटणं आणि आवाज

दाबलं की बादली त्याच क्षणी हलली पाहिजे, ठोक्याची वाट पाहायची नाही. एका दाबाला एक पाऊल. कळ दाबून धरली की ब्राउझर की-डाउन पुन्हा पुन्हा पाठवतो. त्या घटनेतला 'रिपीट' हा गुणधर्म खरा असेल तर ती घटना सोडून द्या, नाहीतर बादली सुसाट मोरीत जाते. बाणांच्या कळांनी पान सरकतं, तेही अडवा. अक्षरांच्या कळा द्यायच्या असतील तर घटनेतला 'की' हा गुणधर्म नव्हे, 'कोड' हा तपासा. मराठी कीबोर्ड चालू असताना 'की' देवनागरी अक्षर सांगतो आणि खेळ बंद पडल्यासारखा वाटतो. 'कोड' कळेची जागा सांगतो.

फोनवर क्लिकऐवजी पॉइंटर-डाउन वापरा, कारण क्लिक बोट उचलल्यावर येतो. बटणं खालच्या दोन कोपऱ्यांत, अंगठ्याखाली, किमान ४८ पिक्सेलची. भराभर दाबताना पान मोठं होऊ लागलं तर बटणांना टच-ॲक्शन मॅनिप्युलेशन लावा.

आवाजाला फाइल लागत नाही. वेब ऑडिओ या ब्राउझरच्या आवाज-सोयीतला ऑसिलेटर (सूर तयार करणारा भाग) घ्या, लहर चौकोनी. गळतीची पाळी आली आणि तिच्यात एखादा थेंब असेल तरच २,०४८ हर्ट्झचा २० मिलिसेकंदांचा टिक. रिकाम्या पाळीला शांतता. पाऊस वाढला की टिकटिक आपोआप दाट होते, वेगळं संगीत लागत नाही. झेलल्यावर ४,०९६ चे दोन तुकडे, चुकीला १,०२४ चा ३०० मिलिसेकंद लांब सूर. हे तिन्ही आकडे ३२,७६८ ला २ ने भागत गेलं की मिळतात, म्हणून ते एकाच घरातले वाटतात. चौकोनी लहर कानाला टोचते, तेव्हा आवाज ०.०५ पुरे. पान उघडताच आवाज येत नसेल तर कोड बिघडलेला नाही. वापरणाऱ्याने काही दाबेपर्यंत ब्राउझर आवाज रोखून धरतो. पहिल्या कळेला, आणि फोनवर बोट उचलल्यावर (पॉइंटर-अप), ऑडिओ-कॉन्टेक्स्टचं रिझ्यूम बोलवा.

तपासणी

जुन्या यंत्रांवर टोकाने दाबायचं 'एसीएल' हे बारीक बटण असायचं. ते दाबलं की सगळी काच एकदम पेटायची. तशीच एक गुप्त कळ ठेवा. सगळे ७३ सेगमेंट एकदम चालू दिसले की आयडीतली चूक, एकमेकांवर आलेली कोपरं आणि अंकातली हरवलेली रेघ एका नजरेत सापडते. दुसऱ्या कळेने ठोका हाताने पुढे ढकलता आला पाहिजे. न्यायाचे नियम तपासायला याहून सोयीचं काही नाही.

खेळ चालू नसताना काचेवर वेळ दाखवा, २४ तासांची, विसर्ग सेकंदाला एकदा लुकलुकणारा. यंत्राच्या नावात 'वॉच' होतं ते यासाठी. सर्वाधिक गुण लोकल-स्टोरेज या ब्राउझरच्या साठवणीत ठेवा, पण लिहिणं-वाचणं चूक पकडणाऱ्या ब्लॉकमध्ये गुंडाळा. साठवण बंद केलेल्या ब्राउझरमध्ये तिथेच अडखळून पूर्ण खेळ थांबू शकतो.

सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावतं. स्क्रिप्ट मॉड्यूल म्हणून वेगळी फाइल जोडू नका आणि एसव्हीजी फेच करून आणू नका. फाइल संगणकावरून दोनदा क्लिक करून उघडली की ब्राउझर या दोन्ही गोष्टी अडवतो आणि रिकामी काच दिसते. एका फाइलचा खेळ पेनड्राइव्हवरून, इंटरनेट नसतानाही चालतो.